सडकेची वाटणी

पाहुणे दुपारून येणार होते आणि रुखमिणीचा दीर अजून सडकेच्या पलीकडेच होता.

तसा तो पलीकडे असायचाच, कारण त्याचं घरच पलीकडे. पण याआधी दोन ठिकाणची मंडळी रुखमिणीच्या लेकीला, हर्षाला, पाहून गेली होती आणि दोन्ही वेळा एकाच जागी घोडं पेंड खाऊन बसलं होतं. पोहे झाले, चहा झाला, सुपारीचं ताट पुढे आलं की मुलाकडचा एखादा जाणता माणूस इकडेतिकडे पाही आणि विचारी, "पोरीचा काका कोणता?" या भागात बापाच्या मांडीला मांडी लावून काका बसल्याशिवाय सुपारी फुटत नाही. काका नाही म्हणजे घरात फूट, आणि फुटक्या घरची पोरगी कोण करणार? पहिल्या वेळी रुखमिणीच्या नवऱ्यानं, श्रावणनं, सरळ सांगून टाकलं, "काका डिव्हायडरच्या तिकडं हाय." दुसऱ्या वेळी काही सांगावं लागलं नाही. काका स्वतःच तिकडून ओरडून सांगत होता.

आता वरठीची मंडळी यायची होती. मुलगा कमलेश, तिथल्याच लोखंडाच्या कारखान्यात. हर्षानं त्याचा फोटो पाहून "बरा हाय" असं म्हटलं होतं, आणि हर्षाच्या तोंडून कुणाबद्दल 'बरा' निघणं म्हणजे काय, ते रुखमिणीला ठाऊक होतं. पोरीच्या पोटातली गोष्ट आई नाही ओळखणार तर कोण? हीही मंडळी परत गेली तर हर्षा काही बोलणार नाही, नुसती भांडी आपटेल, आणि ती भांडी रुखमिणीच्या काळजावर आपटतील.

भांडणाचं मूळ सासऱ्याच्या, म्हाताऱ्या तुलारामच्या वाटणीत होतं. ती वाटणी पळसटोल्यात अजून नावाजली जाते. शेत निम्मं-निम्मं, पाण्याची बोडी निम्मी-निम्मी, मोहाची झाडं सारखी, आणि सगळ्यात शेवटी, पंच धोतर झटकून उठायला लागले तेव्हा, म्हाताऱ्यानं काठीनं दारापुढच्या डांबरी सडकेवर रेघ ओढली. "उगवतीची बाजू श्रावणची, मावळतीची सुखरामची." सडक सरकारची आहे, ती उत्तरेला सातपुड्यातून उतरते, धानाच्या बांध्यांना उभी चिरत दक्षिणेला कुठल्या कुठे निघून जाते, तिच्यावर म्हाताऱ्याचा काडीचा हक्क नाही, हे एकाही पंचाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा घेतला.

पंचांचंही चुकलं नाही म्हणा. ज्याच्या दारापुढची सडक त्याची लाखोळी तिच्यावर, हा इकडचा कायदाच आहे. धान निघाल्यावर बांध्यांत उतेऱ्याची, म्हणजे उभ्या धानातच फेकून पेरलेली, लाखोळीची डाळ येते. ती उपटायची, वाळवायची आणि सडकेवर अंथरायची. येणारे-जाणारे ट्रक तिच्यावरून जातात आणि फुकटात मळणी होते. बैल नको, यंत्र नको. म्हाताऱ्याच्या लेखी सडक म्हणजे एक लांबच लांब खळं होतं, आणि खळ्याची वाटणी करायलाच हवी.

म्हातारा होता तोवर सगळं ठीक चाललं. ट्रक मधोमध जायचे, दोन्हीकडची लाखोळी सारखीच मळली जायची. मग सडक रुंद झाली, सिमेंटची झाली आणि मधोमध कमरेएवढा डिव्हायडर आला, वर कण्हेरीची झाडं. आणि पहिल्याच हंगामात सुखरामच्या लक्षात आलं की आपण लुटले गेलो. चिखल्याकडून मँगनीज भरलेले ट्रक दक्षिणेला जातात, म्हणजे श्रावणच्या दारावरून. तेच ट्रक रिकामे होऊन उत्तरेला परततात, म्हणजे सुखरामच्या दारावरून. थोरल्याच्या वाट्याला भरले ट्रक, धाकट्याच्या वाट्याला रिकामे. सुखरामनं सडकेची फेरवाटणी मागितली. श्रावण म्हणाला, बापाची वाटणी मोडणार नाही. मागच्या दिवाळीनंतर भरलेल्या मंडईच्या जत्रेत तर त्यानं दंडारीच्या खेळाच्या मांडवात उभं राहून सगळ्या गावादेखत सांगितलं की डिव्हायडरच्या पलीकडे पाय ठेवीन तर तुलारामचा लेक सांगणार नाही.

तेव्हापासून दोघे भाऊ सडकेच्या दोन काठांना बाजा टाकून बसत आणि एकमेकांकडे न पाहता एकमेकांवर नजर ठेवत.

जावांचं मात्र छान चाललं होतं. सकाळी रुखमिणी डिव्हायडरपाशी गेली तेव्हा दीपमाला कण्हेरीच्या पलीकडे कपबशा घेऊन उभीच होती.

"घ्या ताई. नवा सेट हाय, दांड्या तुटल्या नाईत."

"भाऊजी काय म्हणतात?"

"तेच. एक साल भरली बाजू दादाची, एक साल आमची. नाई तं पाय ठेवत नाई म्हणतात."

"अन् आमचे म्हणतात, धान निघते तवा तुमसरच्या मिलीले धानाचे भरले ट्रक तुमच्याच बाजूनं जातात, तवा मी काई बोललो का?"

"धान कोण सडकेवर मळते, ताई?"

"ते मले कळते वो. त्यायले कोण सांगावं?"

दोघी हसल्या. त्यांच्या हसण्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती फक्त त्या दोघींना माहीत होती. पहिल्याच वर्षी रुखमिणीनं श्रावणच्या बाजूची लाखोळी पाखडली तेव्हा निम्मे दाणे फुटलेले निघाले होते. भरल्या ट्रकाखाली, सिमेंटवर, दुसरं काय होणार? वर मँगनीजची काळी भुकटी. असा दाणा पेरला तर उगवतो थोडाच. तिकडे सुखरामचा दाणा रिकाम्या ट्रकाखालून टवटवीत निघाला होता. मग दोन जावांनी गुपचूप पोती बदलली. पलीकडची अख्खी लाखोळी श्रावणच्या घरी बियाण्याला आणि श्रावणची फुटकी लाखोळी सुखरामच्या घरी डाळीला. तीन हंगाम असं चाललं होतं. श्रावण आपल्या भरल्या ट्रकांचा गावभर डंका पिटत होता आणि पेरत होता भावाच्या रिकाम्या ट्रकांचं बी.

"सांगून टाकू का?" रुखमिणीनं विचारलं.

"दादा आडवे होतील."

तीच तर भीती होती. नवऱ्याजवळ अभिमान करावा असं दुसरं फारसं नव्हतं. गुडघे गेले होते, सरपंचपद गेलं होतं, राहिले होते ते भरले ट्रक. तेही काढून घ्यायचे? रुखमिणीनं कपबशा पदराखाली घेतल्या आणि मुकाट घरी आली.

शेवटचा उपाय म्हणून साकोलीहून नणंद आणली होती. आनंदाबाई दोन्ही भावांपेक्षा मोठी, दोघांना तिनं कडेवर खेळवलं होतं, आणि ती आदल्या दिवशी आल्या आल्या म्हणाली होती, "काई चिंता करू नोको रुखमिणी, मी दोघायचे कान धरून आणतो." आता ती कान धरायला निघाली. आधी श्रावणच्या बाजेवर बसली.

"बाई, मले सांग," श्रावण म्हणाला, "बापानं रेघ ओढली तवा तू होती का नोयती?"

"होती नं."

"मंग बापाची रेघ मोठी का सुखरामचं तोंड मोठं?"

"बापाची रेघ," आनंदाबाईनं निकाल दिला, आणि तो कळवायला ती दोन्ही हातांनी लुगडं सावरत डिव्हायडर चढून पलीकडे गेली. तिकडे दीपमालानं तिला गरम गरम वडे दिले. अर्धी ताटली संपल्यावर तिनं तिथूनच आवाज दिला.

"श्रावण! हा म्हणते ते बी बरोबर हाय!"

"काय बरोबर हाय?"

नेमका एक भरला ट्रक धडधडत आला. आनंदाबाई बोलत राहिली, पण ऐकू आलं ते फक्त शेवटचं, "...अन् तूच गाढव!"

"कोणाले म्हणून राहिली?"

"दोघायले!"

सुखराम बाजेवरून उठला. "बाई, त्याले विचार, बाप जिवंत असता तं त्यानं एका लेकाले भरलं अन् एकाले रिकामं देल्लं असतं का?"

"त्याले सांग," श्रावण उठला, "बापानं दिशा देल्ली, ट्रक नाई देल्ले!"

"त्याले म्हण, मंग दिशा बदलव!"

"सूर्य का माह्या बापाचा नोकर हाय?"

मध्ये एक रिकामा ट्रक गेला, मग एक दुधाचा, मग वऱ्हाडाची एक बस. प्रत्येक वाहनागणिक भांडण थांबे. दोघेही भाऊ भांडण सोडून आपापल्या लाखोळीकडे वळत आणि खांद्यावरचा दुपट्टा हवेत फिरवून ड्रायव्हरला खुणावत, 'वरून घ्या, वरून घ्या.' ही खूण त्यांच्या हाताच्या हाडापर्यंत मुरली होती. इंजिनाचा आवाज कानावर पडला की हात आपोआप वर जाई. एकदा श्रावणनं झोपेत हात फिरवून रुखमिणीचा चष्मा पाडला होता.

तर या सवयीमुळेच पुढचं रामायण घडलं.

वरठीहून उत्तरेकडे येणारी गाडी सुखरामच्या बाजूनं येणार हे उघड होतं. रुखमिणी दारात उभी राहून पाहत होती. पांढरी बोलेरो आली. आत माणसं खचाखच, मागे टोपलीही दिसत होती. दिवसभर रिकामे ट्रक पाहून कंटाळलेल्या सुखरामला अशी भरलेली गाडी दिसल्यावर त्याचा हात कसा राहणार? दुपट्टा फिरला. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले मुलाचे वडील कृष्णराव हसून हात हलवून गेले. गाडी लाखोळीवरून चर्रर्र करत पुढे निघाली, उत्तरेच्या पेट्रोल पंपापाशी वळली आणि श्रावणच्या बाजूनं दक्षिणेकडे येऊ लागली.

"आले, आले!" रुखमिणी आत धावली. "हर्षा, पदर नीट घे!"

ती स्वतः तोंड धुऊन बाहेर आली तर गाडी दारावरून पुढे चालली होती. श्रावण सडकेच्या काठाला उभा राहून दुपट्टा फिरवत होता. "वरून घ्या! वरून घ्या! चालू द्या!"

"अवो!" रुखमिणी किंचाळली. "ते पाहुणे होते!"

श्रावणचा हात हवेतच राहिला. "पाहुणे?"

"नाई तं कोण?"

"मले वाटलं, गाडी हाय."

गाडी दक्षिणेला नाल्याच्या पुलापर्यंत गेली, तिथून वळली आणि पुन्हा सुखरामच्या बाजूनं आली. या वेळी सुखरामला ठाऊक होतं की हे भावाचे सोयरे. थांबवावं की न थांबवावं याचा विचार करत तो उभा राहिला, पण हातानं विचार केला नाही. दुपट्टा पुन्हा फिरला. गाडी पुन्हा उत्तरेला.

"थांबवा आता," रुखमिणीनं नवऱ्याला बजावलं. "दोन्ही हात खाली ठेवा. मांडीखाली दाबा."

श्रावण खरोखरच बाजेवर हात मांडीखाली दाबून बसला. गाडी आली. हात खाली असल्यामुळे थांबण्याचीही खूण झाली नाही. गाडी हळू झाली, आतल्या बाईनं डोकं बाहेर काढून विचारलं, "श्रावणभाऊचं घर कोणतं जी?" आणि श्रावणनं मानेनंच पुढे जायची खूण केली. मानही त्याच सवयीची निघाली.

आनंदाबाई कपाळावर हात मारून खाली बसली. हर्षा मागे दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, आता ते दिवसभर फिरतील का?" तिच्या डोळ्यांत हसू होतं, पण आवाज पुरता हसत नव्हता. रुखमिणीला तो आवाज कळला. तिसऱ्यांदाही हेच. पोरीनं कुणाच्या नावानं रडावं, बापाच्या की काकाच्या?

तिसऱ्या फेरीला गाडी सुखरामच्या दारापुढे आली ती धूर सोडतच. लाखोळीच्या वाळक्या काड्या खाली ॲक्सलला गुंडाळून गुंडाळून तापल्या होत्या. "आग, आग!" असं ओरडत आतली माणसं पटापट उतरली. दीपमाला गुंडभर पाणी घेऊन धावली आणि तिनं ते गाडीच्या पोटाखाली फेकलं. त्यातलं निम्मं कृष्णरावांच्या पायावर पडलं, म्हणजे पाय धुण्याचा मानही आपोआप उरकला. धूर बसला. गाडीला दुसरं काही झालं नव्हतं, पण काड्या काढल्याशिवाय ती आता हलणार नव्हती.

पाहुणे सुखरामच्या अंगणात उतरले. पोरगी पाहायची श्रावणची, आणि सोयरे बसले सुखरामच्या बाजेवर.

"पोरीचे वडील?" कृष्णरावांनी पाय पुसत विचारलं.

सगळ्यांनी सडकेकडे पाहिलं. श्रावण धावत आला होता, डिव्हायडरपर्यंत आला होता, वरही चढला होता. आणि तिथं त्याला मंडईतली शपथ आठवली. तो कण्हेरीत उभा होता, एक हात फांदीला, पाहुण्यांकडे पाहून नमस्कार करत.

"वडील डिव्हायडरवर हायेत," आनंदाबाई म्हणाली.

"उतरत नाईत का?"

"शपथ हाय त्यायची."

मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं की राग आला ते कळेना. "आम्ही ऐकलं होतं," ती म्हणाली, "का या घरात दोन भावायचं जमत नाई. म्हटलं लोक बोलतात. पण मी सांगतो इहीनबाई, जिथं बाप अन् काका एका चटईवर बसत नाईत तिथून मी सून नेत नाई. उद्या माह्या पोराच्या लग्नात एक डिव्हायडर टाकावं लागन."

इहीनबाई, म्हणजे विहीणबाई, म्हणून हाक मारली होती, म्हणजे दार अजून पुरतं लागलं नव्हतं. रुखमिणी तोवर सडक ओलांडून आली होती. तिनं एकदा कण्हेरीत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा अभिमान एकीकडे, पोरगी एकीकडे. अशा वेळी तराजू धरायची गरज आईला पडत नाही.

"दीपमाला, सूप आण," ती म्हणाली.

सूप आलं. रुखमिणीनं सुखरामच्या बाजूची मूठभर लाखोळी चोळून सुपाच्या एका कोपऱ्यात टाकली. मग सडक ओलांडून, डिव्हायडरवरच्या नवऱ्याच्या पायाशेजारून जाऊन, आपल्या बाजूची मूठभर आणली आणि दुसऱ्या कोपऱ्यात टाकली. सूप तिनं श्रावणसमोर धरलं.

"पाहा."

एकीकडे अख्खे, गोल-चौकोनी, करडे दाणे. दुसरीकडे फुटलेल्या डाळी आणि काळी भुकटी.

"आपली कोणती?" श्रावणनं विचारलं.

"काळी."

"अवं, पण आपण पेरतो ते..."

"ते भाऊजीचं. तीन सालापासून. आपली यायच्या घरी डाळीले जाते."

श्रावणनं सुपातला एक फुटका दाणा उचलला, उलटसुलट केला, पुन्हा ठेवला. रुखमिणीला वाटलं, हा माणूस आता मागच्या बाजूनं उतरून घरात जाईल आणि आठवडाभर भिंतीकडे तोंड करून निजेल. पण आधी ओरडला सुखराम.

"म्हंजे मी तीन सालापासून दादाच्या ट्रकाची डाळ खाऊन राहिलो?"

"हाव," दीपमाला म्हणाली. "अन् दरवेळी म्हणता, आपल्या लाखोळीची डाळ कशी भल्ली गोड लागते."

कृष्णराव सुपाकडे वाकून पाहत होते. "बरोबर हाय बाईचं," ते म्हणाले. "मी याच सडकेवर मँगनीजचा ट्रक चालवला, म्हातारपण येवस्तोर. या गावात एक बुवा लाखोळी घेऊन उभा राहे. ट्रक भरला असला का हात जोडून म्हणे, बापू, बाजूनं घे. रिकामा परत आला का दुपट्टा फिरवे. दोन डाव मांगं-पुढं करवून घे, अन् मंग चहा पाजे."

"बाबा होते ते," आनंदाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा ओला झाला.

मग श्रावणच्या चेहऱ्यावर एक विचार उगवताना रुखमिणीला दिसला. तो विचार कुठल्या दिशेनं चालला आहे हे ओळखून तिचे डोळे मोठे झाले.

"म्हंजे रिकामी बाजूच चांगली," श्रावण म्हणाला.

"चांगलीच म्हणायची," कृष्णराव म्हणाले.

"म्हंजे बापानं चांगली बाजू धाकट्याले देल्ली अन् मले भुकटी!" आणि तो धप्पकन डिव्हायडरवरून उतरला, सुखरामच्या बाजूला. शपथ, मंडई, दंडारीचा मांडव, सगळं कण्हेरीत लटकत राहिलं. "फेरवाटणी पाह्यजे! आत्ताच्या आत्ता! एक साल ही बाजू माही!"

"वा रे वा!" सुखराम उसळला. "बापाची वाटणी मोडणार नाई!"

"तूच तं तीन सालापासून मोड मोड करून राहिला!"

"तवा मले ठाऊक नोयतं! बापाची रेघ म्हंजे रेघ!"

श्रावण तावातावानं येऊन बाजेवर बसला. आपल्या बाजेवर परक्याचा ताबा नको म्हणून सुखरामही तिच्यावर बसला, अगदी खेटून, मांडीला मांडी लावून. आनंदाबाईनं आता पुन्हा बाजू बदलली, पण दोन्ही बाजू बदलल्या असल्यामुळे ती नेमकी कुणाकडून आहे हे तिलाही कळेना. रुखमिणीनं वेळ घालवला नाही. तिनं सुपारीचं ताट त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"बसले," ती मुलाच्या आईला म्हणाली. "एका चटईवर नाई तं एका बाजेवर बसले."

"बसले खरे," ती बाई म्हणाली, "पण हे बसणं का भांडण हाय? एका तरी गोष्टीवर दोघायचं एकमत दाखवा इहीनबाई, मी उभ्या उभ्या सुपारी फोडतो."

एकमत! रुखमिणीनं पोह्यांवर आशा ठेवली. हर्षाला बोलावलं. पोरगी साडी घोट्याच्या वर खोचून डिव्हायडर चढली, वरून दीपमालाच्या हातात ताटल्या दिल्या, मग स्वतः उतरली. अशी पाहणी कमलेशच्या सात पिढ्यांत झाली नसेल. तो उठून मदतीला गेला आणि कण्हेरीचं एक फूल शर्टाला चिकटवून परत आला. पोहे खाऊन श्रावण म्हणाला, मीठ कमी आहे. सुखराम म्हणाला, जास्त आहे. बापाचं वय काढलं, तर दोघांत पाच वर्षांचा फरक पडला. ऊन किती आहे यावरही जमलं नाही.

तिकडे मोहाच्या झाडाखाली दोघा मुलांना बोलायला पाठवलं होतं. मोठी माणसं गप्प बसली की ऐकू यायचं.

"तुमच्या घरासमोर सडक हाय का?" हर्षानं विचारलं.

"नाई," कमलेश म्हणाला. "गल्ली हाय. लहान. सायकल जाते."

"लाखोळी वाळवता येते?"

"कपडे वाळवता येतात."

"मंग जमते," हर्षा म्हणाली.

रुखमिणीनं हे ऐकलं आणि तिला वाटलं, आता सुपारी आपणच फोडावी आणि सगळ्यांच्या तोंडात कोंबावी. पोरांचं जमलं, बापाचं आणि काकाचं जमेना.

मग कृष्णराव सहज म्हणाले, "आंदण काई मागत नाई आम्ही. पोरगी द्या, बस."

"असं कसं?" सुखराम ताठ बसला. "पुतणी हाय माही. काका काई देणार नाई का?" त्यानं अंगण पाहिलं, घर पाहिलं, काही सुचेना. मग त्याची नजर बाहेर गेली. "माह्या वाट्यातली दहा हात सडक देल्ली हर्षाले. रिकाम्या ट्रकाची. चांगली."

भाऊ दहा देतो म्हटल्यावर बाप मागे राहील? "पंधरा हात," श्रावण म्हणाला. "माह्या बाजूची. डाळीची."

"पंधरा तं मी बी देतो!"

"वीस!"

"मोजून दे! नुसतं तोंडानं नोको!"

दोघे उठलेच. सुखरामनं गोठ्यातून कासरा आणला. एक टोक श्रावणनं धरलं, एक सुखरामनं, आणि उत्तरेकडून दक्षिणेपर्यंत कित्येक गावं ओलांडत जाणाऱ्या त्या सरकारी सडकेवर दोघे भाऊ भर उन्हात ओणवे होऊन पुतणीसाठी, लेकीसाठी आंदण मोजू लागले. मुलाची आई पाहतच राहिली. कृष्णरावांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "डिव्हायडर धरून का सोडून?"

"धरून," सुखराम म्हणाला.

"सोडून," श्रावण म्हणाला.

रुखमिणीनं डोळे मिटून घेतले. त्याच क्षणी दक्षिणेकडून एक रिकामा ट्रक खडखडत आला आणि करकचून ब्रेक दाबून कासऱ्याच्या अलीकडे थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, लांबलचक. भावांनी मान वर केली नाही. ड्रायव्हर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला.

"ए बुढ्ढे हो! सडक तुमच्या बापाची हाय का?"

दोघे भाऊ एकदम ताठ उभे राहिले. एकाच वेळी, एकाच आवाजात, छाती काढून ओरडले:

"हाव! बापाचीच हाय!"

ड्रायव्हरनं मुंडकं आत घेतलं. मुलाची आई ताटाकडे वळली आणि तिनं अडकित्ता उचलला.